एक सर्किट, दोन आकृत्या: डायोड आणि ट्रान्झिस्टरचं स्मॉल-सिग्नल ॲनालिसिस हाताने कसं करायचं

आयुष्यातला पहिला ॲम्प्लिफायर ब्रेडबोर्डवर लावला तेव्हा वहीत गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) १२५ आला होता आणि सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, दिसला १७. ट्रान्झिस्टर तीनदा बदलला, वायरी उपसून पुन्हा खोचल्या. तरी १७ च. ट्रान्झिस्टर बिचारा ठणठणीत होता. कपॅसिटर निवडताना मीच एक रेझिस्टन्स चुकीच्या आकृतीतून उचलला होता. ती भानगड खाली येईलच. त्या दिवसापासून सवय मात्र लागली: एक सर्किट, आकृत्या दोन. एक डीसीची, एक एसीची. दोन्हीतले आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत.

खाली सगळे आकडे प्रत्यक्ष किमतींसह सोडवले आहेत. कागद-पेन घेऊन बरोबर बसा, नुसतं वाचून हे हातात बसत नाही. "४.७ के" म्हणजे ४.७ किलोओहम, आणि दोन उभ्या रेघा (||) म्हणजे समांतर जोडणी.

आधी डायोड

डायोडमधला करंट व्होल्टेजबरोबर घातांकाने वाढतो. त्या समीकरणातला कळीचा आकडा म्हणजे थर्मल व्होल्टेज, त्याला व्हीटी म्हणू. २७ अंश सेल्सिअसला व्हीटी २५.८५ मिलिव्होल्ट असतं, कागदावर २६ धरायचं. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांवर तेच २७.४ होतं, म्हणजे फरक सहा टक्क्यांचा. २६ बिनधास्त वापरा.

समजा डायोडमधून १ मिलिअँपिअर वाहतोय आणि त्यावर ०.६५ व्होल्ट आहेत. त्याचा रेझिस्टन्स किती? वर्गात हात वर होतात आणि उत्तर येतं ६५० ओहम, कारण ०.६५ भागिले १ मिलिअँपिअर. भागाकार बरोबर आहे, पण या कामाला तो निरुपयोगी. खंबाटकी घाट चढताना पायथ्यापासून इथपर्यंतची सरासरी चढण वेगळी आणि आत्ता चाकाखाली असलेली चढण वेगळी. गिअर कुठला टाकायचा हे चाकाखालची चढण ठरवते. सिग्नल त्या एका बिंदूच्या आसपास थोडासाच पुढे-मागे हलतो, म्हणून त्याला दिसतो तो तिथला उतार:

आरडी = व्हीटी ÷ डीसी करंट = २६ मिलिव्होल्ट ÷ १ मिलिअँपिअर = २६ ओहम

६५० आणि २६ यांच्यात पंचवीस पटींचा फरक आहे.

खऱ्या डायोडला आणखी एक गुणक लागतो, तो १ ते २ च्या दरम्यान असतो. १एन४१४८ ला तो १.८ च्या आसपास धरला तर १ मिलिअँपिअरला आरडी ४६-४७ ओहम निघतो. हा गुणक जवळजवळ १ हवा असेल तर बीसी५४७ चे बेस आणि कलेक्टर जोडून त्यालाच डायोड म्हणून वापरा. प्रयोगासाठी मी नेहमी हेच करतो, आकडे सूत्राशी छान जुळतात.

"स्मॉल" म्हणजे नक्की किती स्मॉल?

हा प्रश्न व्हायवात हमखास येतो आणि "खूप लहान" असं उत्तर देऊन मुलं मोकळी होतात. आकडा सांगा. सिग्नलचं शिखर व्हीटीच्या तुलनेत जितकं मोठं, तितका घातांकी वक्र सरळ रेषेपासून दूर जातो. साइन वेव्ह दिली तर करंटमध्ये दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला भाग) मूळ सिग्नलच्या साधारण (शिखर ÷ ४ व्हीटी) इतका येतो. १ मिलिव्होल्टला जवळपास १ टक्का, ५ ला ४.८ टक्के, १० ला साडेनऊच्या पुढे. मी ५ मिलिव्होल्टला रेघ मारतो. तिच्यापुढे सूत्र उत्तर देत राहतं, पण त्या उत्तरावर विसंबू नये.

एक छोटा प्रयोग करा. ९ व्होल्टची बॅटरी, ८.२ के चा रेझिस्टर आणि त्याच्या टोकाला डायोडसारखा जोडलेला बीसी५४७, एमिटर ग्राउंडला. करंट (९ − ०.६५) ÷ ८.२ के = १.०२ मिलिअँपिअर, म्हणून आरडी साडेपंचवीस ओहम. आता फंक्शन जनरेटरचा १ किलोहर्ट्झचा सिग्नल १ के आणि १० मायक्रोफॅरडमधून डायोडच्या वरच्या टोकाला द्या, कपॅसिटरचं प्लस टोक डायोडकडे. सिग्नलसाठी हा १ के आणि २५.५ ओहमचा व्होल्टेज डिव्हायडर झाला. २०० मिलिव्होल्टचं शिखर दिलं की डायोडवर ५ मिलिव्होल्ट मिळतात.

मग ८.२ के काढून ८२ के लावा. करंट ०.१ मिलिअँपिअर, आरडी २५० ओहमच्या आसपास, आणि डिव्हायडर साधारण एक पंचमांश. हिशोबाने आता ४० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. दिसतं काय? वेडीवाकडी लाट. कारण २०० मिलिव्होल्ट ÷ १ के म्हणजे सिग्नलचा करंट ०.२ मिलिअँपिअरपर्यंत जातोय आणि डायोडमध्ये मुळात वाहतोय ०.१. सिग्नलच्या एका अर्ध्या फेरीत डायोड चक्क बंद पडतो. जनरेटर २० मिलिव्होल्टवर आणा, लाट पुन्हा सुतासारखी सरळ. बायस, म्हणजे डायोडमधला डीसी करंट, बदलला की "स्मॉल"ची मर्यादाही बदलते, हे असं एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

दोन आकृत्या कशा काढायच्या

पहिली आकृती डीसीची. सिग्नल सोर्स शून्य करा, सगळे कपॅसिटर उघडे समजून खोडून टाका. उरलेल्या सर्किटमधून प्रत्येक डायोडचा आणि ट्रान्झिस्टरचा करंट काढा. ट्रान्झिस्टर ॲक्टिव्ह रीजनमध्ये (कलेक्टर एमिटरपेक्षा पुरेसा वर) आहे ना, तेही इथेच तपासा. ही आकृती घाईत उरकणाऱ्यांचं पुढचं सगळं पाण्यात जातं.

दुसरी आकृती एसीची. हिच्यात फक्त बदल राहतात. जे बदलत नाही ते शून्य. १२ व्होल्टची सप्लाय लाईन १२ वरून हलत नाही, म्हणून तिच्यातला बदल शून्य, म्हणून या आकृतीत ती ग्राउंड. "सप्लाय ग्राउंड कसा काय?" म्हणून दरवर्षी कुणीतरी अडतंच. अहो, सप्लायला ग्राउंड लावत नाही आहोत. बदलांच्या नकाशावर ती जागा स्थिर आहे, एवढंच. डीसी करंट सोर्सचा करंट बदलत नाही, म्हणून तो उघडा. मोठे कपॅसिटर शॉर्ट. डायोडच्या जागी आरडी. ट्रान्झिस्टरच्या जागी त्याचं मॉडेल. रेझिस्टर दोन्ही आकृत्यांत जसेच्या तसे.

दुसऱ्या आकृतीत ०.६५ व्होल्ट हा आकडा कुठेही दिसला तर खोडा. तो पहिल्या आकृतीतला पाहुणा आहे.

कॉमन एमिटर, आकड्यांसकट

सप्लाय १२ व्होल्ट. बेसला वरून ४७ के, खालून १० के. कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के आणि त्याच्या समांतर बायपास कपॅसिटर. सिग्नल सोर्सचा स्वतःचा रेझिस्टन्स १ के, लोड १० के. ट्रान्झिस्टर बीसी५४७बी. पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसतं "पाचशे सत्तेचाळीस द्या" म्हटलंत तर कुठला ग्रुप हातात पडेल सांगता येत नाही, अंगावरचं अक्षर बघून घ्या. बी ग्रुपचा बीटा (कलेक्टर करंट ÷ बेस करंट) २०० ते ४५० मध्ये कुठेही असू शकतो, आपण २९० धरू.

डीसी आधी. बेसच्या डिव्हायडरचा थेवेनिन (त्याच्या जागी चालणारा एक व्होल्टेज सोर्स आणि एक रेझिस्टन्स): १२ × १० ÷ ५७ = २.१ व्होल्ट, आणि ४७ के || १० के = ८.२५ के. बेस करंट = (२.१ − ०.६५) ÷ (८.२५ के + २९१ × १ के) = ४.८६ मायक्रोअँपिअर. कलेक्टर करंट १.४१ मिलिअँपिअर. एमिटर १.४ व्होल्टवर, कलेक्टर १२ − ६.६ = ५.४ व्होल्टवर. मध्ये ४ व्होल्टची जागा आहे, ट्रान्झिस्टर निवांत ॲक्टिव्ह.

इथे क्षणभर थांबा आणि बीटा २०० घालून बघा: १.३९ मिलिअँपिअर. ४५० घाला: १.४३. बीटा सव्वादोन पट झाला आणि करंट तीन टक्क्यांनीही हलला नाही. एमिटरच्या त्या १ के ची ही करामत. म्हणून डीसीच्या आकृतीतून तो कधी काढू नये.

आता या एका करंटमधून तीन आकडे काढायचे: जीएम (बेसचं व्होल्टेज हललं की कलेक्टर करंट किती हलतो), आरपाय (बेस आणि एमिटरमध्ये सिग्नलला दिसणारा रेझिस्टन्स) आणि आरओ (कलेक्टर आणि एमिटरमधला).

जीएम = १.४१ मिलिअँपिअर ÷ २६ मिलिव्होल्ट = ५४ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट

आरपाय = बीटा ÷ जीएम = २९० ÷ ०.०५४२ = ५.३५ के

आरओ = सुमारे ५० के

जीएम मध्ये बीटा कुठेच नाही, बीसी५४७ हे नावही नाही. १.४१ मिलिअँपिअरवर चालणारा कुठलाही बायपोलर ट्रान्झिस्टर जवळपास हाच जीएम देतो. तिसरा आकडा कलेक्टर व्होल्टेजबरोबर करंट किंचित वाढतो त्यातून येतो. जेम्स अर्ली यांनी १९५२ साली हा परिणाम मांडला, म्हणून अर्ली इफेक्ट. आरओ अंदाजेच धरायचा असतो, त्यावर दशांश चिन्हांची मेहनत घालू नका.

एसीची आकृती काढली की चित्र असं दिसतं. बेसवरून ग्राउंडला तीन वाटा: ४७ के, १० के आणि आरपाय. एमिटर थेट ग्राउंडला, कारण बायपास शॉर्ट. कलेक्टरवर जीएम गुणिले बेसचं सिग्नल व्होल्टेज इतका करंट ओढणारा सोर्स, आणि त्याच्या समोर आरओ, ४.७ के आणि १० के, तिघंही ग्राउंडकडे.

कलेक्टरवरचा एकूण रेझिस्टन्स = ४.७ के || १० के || ५० के = ३ के. बेसपासून कलेक्टरपर्यंतचा गेन = −०.०५४२ × ३००० = −१६३. वजा चिन्ह म्हणजे बेस वर गेला की कलेक्टर खाली.

इनपुट रेझिस्टन्स = ८.२५ के || ५.३५ के = ३.२५ के. सोर्सचा १ के आणि हा ३.२५ के मिळून डिव्हायडर: ०.७६४. पूर्ण गेन = १६३ × ०.७६४ = १२५. हाच तो माझ्या वहीतला आकडा. आउटपुट रेझिस्टन्स, लोड काढून मागे बघितलं तर, ४.७ के || ५० के = ४.३ के.

एक देशी उपाय सांगतो, टेबलावर फार उपयोगी. जीएम × कलेक्टर रेझिस्टर म्हणजे (कलेक्टर रेझिस्टरवरचे डीसी व्होल्ट) ÷ व्हीटी. म्हणजे मल्टिमीटर घ्या, ४.७ के वर डीसी मोजा, ६.६ व्होल्ट येईल. त्याला ०.०२६ ने भागा: साधारण २५५. लोड नाही, आरओ नाही, एमिटर पूर्ण बायपास, अशा सर्वांत अनुकूल परिस्थितीत गेन याच्यावर जाणार नाही. कुणी याच सर्किटमधून ४०० गेन मिळाला म्हणून सांगितलं तर त्याचा प्रोब १० एक्सवर आहे की १ एक्सवर, ते आधी विचारा.

आता ती १७ ची भानगड

बायपास कपॅसिटर किती घ्यायचा? मी केलेला हिशोब असा: कपॅसिटर १ के च्या समांतर आहे, २० हर्ट्झपासून सिग्नल हवाय, म्हणून १ ÷ (२ × पाय × २० × १०००) = ८ मायक्रोफॅरड. बाजारात १० मिळतो, लावला. जर्नलमध्येही तेच लिहिलं आणि सही झाली.

चूक ही, की कपॅसिटरला १ के दिसतच नाही. त्याच्या टोकांतून सर्किटमध्ये डोकावा. १ के आहेच, पण त्याच्या समांतर ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधून आत जाणारी वाट आहे. तिथे दिसतो व्हीटी ÷ एमिटर करंट, म्हणजे २६ ÷ १.४१५ = १८.४ ओहम (याला आरई म्हणू), अधिक बेसच्या बाजूचा रेझिस्टन्स २९१ ने भागून. बेसच्या बाजूला १ के || ८.२५ के = ८९२ ओहम, भागिले २९१ म्हणजे ३ ओहम. एकूण २१.५ ओहम, आणि १ के शी समांतर घेतल्यावर बरोबर २१. जवळपास पन्नासावा भाग!

२१ ओहमला १० मायक्रोफॅरड म्हणजे कोपरा (ज्या फ्रिक्वेन्सीच्या खाली गेन पडू लागतो ती) ७५८ हर्ट्झवर. मी मोजत होतो १०० हर्ट्झला. तिथे एमिटर ग्राउंडला नव्हताच, कपॅसिटरचेच १५९ ओहम मध्ये होते. हिशोब पुरा केला की गेन १७ च्या आत-बाहेर येतो. १ किलोहर्ट्झला मोजलं असतं तर १०० दिसला असता आणि मी "टॉलरन्स" म्हणून समाधान मानलं असतं. २० हर्ट्झसाठी लागतो १ ÷ (२ × पाय × २० × २१) = ३७९ मायक्रोफॅरड, म्हणजे बाजारातला ४७०.

उरलेले दोन कपॅसिटर सोपे. इनपुटच्या कपॅसिटरला दिसतात १ के + ३.२५ के, त्याला १० मायक्रोफॅरड दिला तर कोपरा पावणेचार हर्ट्झवर. आउटपुटला ४.३ के + १० के, तिथे १० मायक्रोफॅरड म्हणजे १.१ हर्ट्झ. कपॅसिटरची किंमत ठरवताना दरवेळी हाच प्रश्न: बाकी सोर्स शून्य केले तर याच्या दोन टोकांतून किती ओहम दिसतात?

एमिटरचा थोडा भाग मोकळा सोडला तर

१२५ गेन ऐकायला बरा वाटतो, पण तो बीटा, तापमान आणि सिग्नलच्या आकारावर डुलत राहतो. व्यवहारात एमिटरचा १ के दोन तुकड्यांत लावतात: वर १०० ओहम मोकळा, खाली ९१० ओहम बायपास केलेला. डीसीला एकूण १०१०, करंट जवळपास तोच. एसीला एमिटरखाली आता १०० ओहम आहेत. गेन = (४.७ के || १० के) ÷ (१८.४ + १००) = ३१९७ ÷ ११८.४ = २७. बेसमधून दिसणारा रेझिस्टन्स २९१ × ११८.४ = ३४.५ के, बायसच्या ८.२५ के शी समांतर घेतला की ६.६५ के, म्हणजे आधीच्या दुप्पट.

गेन खाली आला, पण आता १८.४ पेक्षा १०० वरचढ आहे आणि तो १०० बाजारातून मोजून आणलेला. सिग्नलही मोठा चालतो, कारण इनपुटचा फक्त १८.४ ÷ ११८.४ इतकाच वाटा बेस-एमिटरवर पडतो. बेसवर ३० मिलिव्होल्ट दिले तरी आत ५ मिलिव्होल्टही पोचत नाहीत. मला कुणी विचारलं तर मी हाच ॲम्प्लिफायर बांधायला सांगेन आणि जास्त गेन हवा असेल तर पुढे दुसरी स्टेज लावायला.

एमिटर फॉलोअरला नवीन काही शिकावं लागत नाही. गेन = लोड ÷ (आरई + लोड), म्हणजे १ च्या जरा खाली, आणि आउटपुट रेझिस्टन्स = आरई + (सोर्स ÷ (बीटा + १)). मॉसफेटलाही आकृत्या याच, फक्त गेटमध्ये करंट नाही म्हणून आरपाय गायब, आणि जीएम = २ × ड्रेन करंट ÷ ओव्हरड्राइव्ह व्होल्टेज (गेटचं व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितकं वर तितकं). १ मिलिअँपिअर आणि ०.२ व्होल्ट ओव्हरड्राइव्हला १० मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. तेवढ्याच करंटला बायपोलर देतो ३८.

टेबलावर ताडून बघताना

जनरेटर ५ मिलिव्होल्ट नीट देत नाही. त्याच्या पुढे १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर लावा, अर्ध्या व्होल्टचे ५ मिलिव्होल्ट होतील. डिव्हायडरचा आउटपुट रेझिस्टन्स ९९ ओहम, पुढे सिरीजमध्ये ९१० लावला की आपला १ के चा सोर्स तयार. पहिल्या, पूर्ण बायपासवाल्या सर्किटच्या आउटपुटला आता ०.६ व्होल्टचं शिखर यायला हवं.

आउटपुट रेझिस्टन्स मोजायला लोड काढून आणि लावून गेन बघा. बेसपासून मोजलेले २३३ आणि १६३ आले तर १० के × (२३३ ÷ १६३ − १) = ४.३ के. इनपुटसाठी सोर्सच्या सिरीजमध्ये १० के चा पॉट घाला आणि आउटपुट निम्मं होईपर्यंत फिरवा. पॉट काढून मल्टिमीटरने मोजलात की साधारण ४.२५ के भरेल. त्यातून सोर्सचा १ के वजा करायला विसरू नका, निम्मी बॅच इथेच फसते.

शेवटी सिग्नल हळूहळू वाढवत जा आणि लाटेकडे बघा. कापली जाण्याच्या कितीतरी आधी तिचा खालचा भाग टोकदार, लांबुडका होत जातो आणि वरचा भाग बसका, गोलसर. बेस वर जातो तेव्हा घातांकी करंट उसळतो आणि कलेक्टर जरा जास्तच खाली येतो, त्याचं ते चित्र. ते दिसायला लागलं की जनरेटरचा नॉब मागे घ्या आणि मग आकडा वहीत लिहा.